उलट्या फुल्या

मलकापूरच्या बाजारपेठेतील एका जुन्या दुमजली घरात, बैठकीच्या खोलीतील दरवाजासमोरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत एक मोर आहे. पांढऱ्या मॅटी कापडावर फुलीच्या टाक्याने, म्हणजे ज्याला आता सर्रास क्रॉस स्टिच म्हणतात त्या टाक्याने, तो भरलेला आहे. पिसारा मिटलेला, मान मागे वळवलेली, पायांखाली आंब्याची डहाळी. कापड आता पिवळसर पडले आहे, जांभळा दोरा थोडा विटला आहे, निळा मात्र जसाच्या तसा आहे. उजव्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने घराच्या सुनेचे नाव आणि १९८४ हे साल आहे. ती सून आता बासष्ट वर्षांची झाली असून साऱ्या पेठेत काकू म्हणून ओळखली जाते.

हा मोर त्यांच्या रुखवतात आला होता. त्या काळी रुखवतावर आजच्यासारख्या भाड्याने आणलेल्या वस्तू नसत. मण्यांचे तोरण, लोकरीचे आसन, बुंदीच्या लाडवांचे तुळशी वृंदावन, टाक्यांचा हातरुमाल आणि एखादी भरलेली तसबीर. नवरी कोणत्या हाताची आहे ते वरपक्षाच्या बायका या वस्तूंवरून ताडत. मलकापूरकर मंडळींनी मोर पाहिला आणि सासूबाईंनी तो लग्नानंतर आठवड्याच्या आत कोल्हापुराहून चौकट करवून भिंतीवर लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या आवर्जून सांगत, "हा आमच्या सूनबाईंनी भरलाय."

सूनबाईंनी तो भरलेला नव्हता. मोराचा एकही टाका त्यांचा नव्हता. तो त्यांच्या आक्काने, निपाणीला दिलेल्या थोरल्या बहिणीने, भरला होता.

पहिल्या दिवशी नववधूने गप्प राहावे हे समजण्यासारखे आहे. दुसऱ्या दिवशी सांगितले तर काल का नाही, हा प्रश्न येतो. महिन्याने तो प्रश्न आणखी मोठा होतो. पुढे पुढे तर सासूबाईंनीच त्या मोराला घरातला साक्षीदार करून टाकले. पहिल्या वर्षी काकूंच्या भाकरीला पापुद्रा सुटेना, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ज्या हाताला मोर आला त्याला भाकरी का येणार नाही?" त्या बोलण्याच्या आधाराने भाकरी आली, हेही खरे. असा आधार देणाऱ्या बाईला तो खोट्यावर उभा आहे हे सांगायचे कसे? दरवर्षी भाद्रपदात क्षमावणीच्या दिवशी काकू सासूबाईंच्या पाया पडून वर्षभरातील कळत-नकळत चुकांची क्षमा मागत. त्यात मोराचे नाव कधीच आले नाही. बारा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि ती बाब खतावणीत तशीच पुढे ओढली जात राहिली.

आता मोर आक्काने का भरला, ते सांगणे भाग आहे. काकू डावखुऱ्या. निपाणीजवळच्या त्यांच्या गावी शाळेत मुलींना शिवणाचा तास असे. बाई उजव्या हाताने टाका घालून दाखवीत आणि मुली त्यांच्या शेजारी बसून तसाच घालीत. या मुलीच्या हातात सुई डावीकडून येई, दोरा उलटा पडे, आणि बाईंची लाकडी पट्टी त्या डाव्या हाताच्या बोटांवर पडे. उजव्या हाताने प्रयत्न केला की टाके उंदराने कुरतडल्यासारखे दिसत. घरातही डाव्या हाताने काही देऊ नये, घेऊ नये, हा धाक होताच. सातवीत तिने शिवणाची पिशवी कपाटामागे टाकली ती टाकलीच. पुढे लग्न ठरले आणि रुखवताचा प्रश्न आला. आक्का त्या वेळी माहेरी आली होती, मांडीवर वर्षाचे पोर होते. तिने कोणाला काही न विचारता मॅटी कापड आणि दोऱ्याच्या लड्या आणल्या. कोपऱ्यात बहिणीचे नावही तिनेच भरले.

ही सगळी जुनी गोष्ट तशीच राहिली असती. पण गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत सहावीतल्या नातीने मोबाइलवर कोणाची तरी भरतकामाची चित्रफीत पाहिली आणि थेट मोराखाली येऊन उभी राहिली. "आजी, हा तू केलायस ना? मला शिकव."

काकू म्हणाल्या, "पाऊस लागू दे." आणि मग म्हणाल्या, "खूप वर्षं झाली गं, विसरले मी." चाळीस वर्षांच्या खोट्यात आणखी एकाची भर पडली. मात्र या वेळी त्यांना ते झोपू देईना. मुलीला शिकवायचे तर आधी स्वतः शिकायला हवे होते, आणि शिकवू शकेल असे माणूस एकच होते.

दोन दिवसांनी काकू एस.टी.ने कोल्हापूरला गेल्या, महाद्वार रस्त्यावरील एका दुकानातून कापड, दोरे, सुया आणि रिंग घेतली, आणि गाडी बदलून निपाणी गाठली. आक्का आता सत्तरीची. संधिवाताने तिची बोटे आखडली आहेत. सुई धरणे तिला जमत नाही. पण जीभ धड आहे आणि नजरही. बहिणीने पिशवी उघडून समोर ठेवली तेव्हा तिने कसलाही प्रश्न विचारला नाही. शेजारी बसायला लागलेल्या बहिणीला ती फक्त एवढेच म्हणाली, "शेजारी नको. समोर बस की."

पन्नास वर्षे अडलेले गाडे या दोन शब्दांनी हलले. डावखुऱ्या माणसाने उजव्या हाताच्या माणसाशेजारी बसून पाहिले की त्याला सगळे उलटे दिसते. तेच समोरासमोर बसले की आरशात पाहिल्यासारखे होते. शिकवणाऱ्याचा उजवा हात ज्या बाजूला, त्याच बाजूला शिकणाऱ्याचा डावा. आक्काने आखडलेल्या बोटांत रिकामी काडी धरून हवेत टाका काढून दाखवला. काकूंनी डाव्या हाताने तो कापडावर घातला. पहिली फुली सरळ आली. शाळेच्या वहीत फुली म्हणजे चूक. इथे बरोबर आलेल्या कामालाही फुलीच म्हणायचे, याची काकूंना मोठी गंमत वाटली.

फुलीचा टाका दिसायला सर्व टाक्यांत सोपा. एका चौकोनी घराच्या कोपऱ्यातून तिरपा दोरा न्यायचा, उरलेल्या दोन कोपऱ्यांतून त्याच्यावर दुसरा आडवा टाकायचा, झाले. मुळाक्षर एकच असल्यामुळे सारी कसोटी शिस्तीची असते. खालचा दोरा एका दिशेला गेला की तो सबंध कामात त्याच दिशेला जायला हवा, आणि वरचा दोरा सर्वत्र त्याच्या उलट. मध्येच दिशा बदलली तर उजेड त्या फुलीवर वेगळा पडतो आणि गुळगुळीत रंगात डाग पडल्यासारखा दिसतो. कापड आधी चार घड्या घालून त्याचा मध्य काढायचा आणि नमुन्याच्या मध्यापासून काम सुरू करायचे, म्हणजे चित्र एका काठाला जाऊन पडत नाही. अँकरची लडी सहा पदरी असते. त्यातले दोनच पदर वेगळे करून ओवायचे, मोठ्या घरांच्या कापडाला तीन. दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नाही. लांब दोरा वेळ वाचवत नाही, गुंता वाढवतो. सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची, कारण तिने सुताला भोसकायचे नसते, सुतांमधल्या वाटेने जायचे असते.

आणि गाठ मारायची नाही. हा नियम काकूंना सर्वांत जड गेला. आयुष्यभर बटण लावतानाही त्यांनी आधी गाठ मारलेली. इथे दोऱ्याचे टोक मागे बोटाखाली धरून पुढचे चार-पाच टाके त्याच्यावरून न्यायचे, म्हणजे ते आपोआप दबते. संपतानाही शेपटी मागच्या टाक्यांखालून ओवून घ्यायची. गाठीने पुढच्या बाजूला उंचवटा येतो, इस्त्री फिरली की तो ठळक दिसतो. आक्काने दुसऱ्या दिवशी कापड हातात घेतले ते उलटे करूनच. पुढची बाजू तिने पाहिलीच नाही. मागून बोट फिरवले आणि म्हणाली, "इथं एक गाठ मारलीस." काकूंनी मारली होती.

त्याच मुक्कामात एक वेगळी ओळख निघाली. आक्काने ट्रंकेतून आजीचे एक जुने इरकली लुगडे काढले. आजी धारवाडकडची. त्या लुगड्याच्या पदरावर कसूती होती. धारवाड-हुबळीच्या बाजूचे हे भरतकाम कर्नाटकात आणि सीमेलगतच्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. 'कै' म्हणजे हात आणि 'सूती' म्हणजे सूत, अशी त्या शब्दाची फोड सांगतात. गोपुर, रथ, पालखी, अंबारीचा हत्ती, कमळ, मोर अशी चित्रे, आणि ती कापडावर आधी आखायची नाहीत. केवळ सुते मोजून उमटवायची. टाके चार. गवंती, जी गेलेल्या वाटेने परत येऊन रेघ पुरी करते आणि दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मुर्गी, जी पायऱ्यांसारखी वळत जाते. नेयगी, जी विणीसारखी भरते. आणि चौथी मेंथी. मेंथी म्हणजे आपली मेथी. मेथीच्या दाण्यासारखा भरीव म्हणून ते नाव. आक्काने पदर खिडकीशी धरला. मेंथीचा टाका म्हणजे फुलीच होती, अगदी बारीक, सुता-सुतावर मोजलेली. जी विद्या मोबाइलवरच्या चित्रफितीतून नव्याने घरात येत होती, तिची एक शाखा आधीपासून ट्रंकेत होती.

आठ दिवसांनी काकू परतल्या तेव्हा आंबा घाटाकडून ढग उतरू लागले होते. शाहूवाडीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वर्णन नको. एकदा आषाढ लागला की डोंगर दिसेनासा होतो, कडवी-वारणेचे पाणी चढते, वीज जाते ती कधी दिवसभर येत नाही. त्यातून चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणारे घर. संध्याकाळ लांबच्या लांब पसरलेली. पण टाका संध्याकाळी घालता येत नाही, दिव्याखाली निळा आणि हिरवा एकच दिसतो. म्हणून दुपारी दीड ते साडेचार ओसरीच्या उंबऱ्याजवळ भरण्याची वेळ ठरली आणि संध्याकाळ नमुना मोजण्याची. नात शाळेतून आली की शेवटचा तास तिचा. काकूंनी तिला समोर बसवले. आपण कोणाकडून शिकलो ते सांगितले नाही.

दोघींनी पहिला नमुना अंबारीच्या हत्तीचा घेतला, तोही आक्काच्या सांगण्यावरून; आजीच्या पदरावरचा होता म्हणून. कापड एका इंचात ११ घरे असलेले, नवशिक्यांना तेच बरे. हत्ती ६६ घरे लांब आणि ४४ घरे उंच, म्हणजे ६ इंच आणि ४ इंच. चौकटींच्या कागदावर एका घराला एक खूण आणि एका खुणेला एक रंग, ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनच्या प्रकाशकांनी फैलावली. त्यांनी हाताने रंगवलेले असे छापील नमुने देशोदेशी विकले आणि चित्र काढता न येणाऱ्या लाखो बायकांच्या हातून चित्रे भरली गेली. पुढे त्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत आयडा नावाचे, घरे आधीच विणलेले कापड निघाले आणि सुते मोजण्याचेही कष्ट संपले. घरे मोजण्याचे मात्र संपले नाहीत.

ते संपले नाहीत हे काकूंना श्रावणात कळले. हत्तीचे चारही पाय झाले, पोट भरत आले, सोंड वळली, आणि अंबारीचा खांब मध्यावर येईना. एका घराचा फरक. हिशेबाच्या वह्या ज्यांनी लिहिल्या आहेत त्यांना हे दुखणे ओळखीचे असेल. हजाराचा फरक लगेच सापडतो, एका रुपयाचा फरक रात्र खातो. काकूंनी दोन संध्याकाळी नमुना आणि कापड शेजारी ठेवून मोजले. चूक मागच्या पायाच्या सुरुवातीला होती. पाचवे घर सोडून सहाव्यात टाका पडला होता आणि त्यानंतरचे सर्व काम त्या चुकीशी इमानाने जुळत गेले होते. खांब एका घराने सरकवून चूक दडवता आली असती. कोणाच्या लक्षातही आले नसते. काकूंनी निपाणीला फोन लावला.

"दडवू काय?" त्यांनी विचारले.

"दडव की," आक्का म्हणाली. "अंबारीतला माणूस वाकडा बसंल एवढंच."

काकूंनी उसवले. उसवणे हे सावकाश चालते. कात्री लावायची नाही, सुईच्या नेढ्याकडच्या बाजूने टाका उचलायचा आणि ज्या क्रमाने घातला त्याच्या उलट क्रमाने काढायचा. निघालेला दोरा केसाळ होतो, तो पुन्हा वापरायचा नाही. अकरा दिवसांचे काम चार दिवसांत निघाले. नात हिरमुसली होती. तिच्या हत्तीला चूक नव्हती, कारण ती रोज दहा घरांवर पेन्सिलने रेघ मारत होती. आजीने ती सवय नातीकडून घेतली. या वयात धाकट्याकडून काही घेताना माणूस थोडा अडखळतो, पण काकूंची अडखळण्याची उमेद त्या चार दिवसांत संपली होती.

भाद्रपदात दोन्ही हत्ती पुरे झाले. थंड पाण्यातून काढून, टॉवेलावर पालथे घालून, मागून इस्त्री फिरवली. नात दोन्ही कापडे घेऊन मोराखाली गेली, आणि बराच वेळ तिथेच राहिली.

"आजी, माझ्या फुल्या मोरासारख्या आहेत. तुझ्या नाहीत."

काकूंना आधी समजले नाही. मुलीने बोटाने दाखवले. मोराच्या फुल्यांत वरचा दोरा डाव्या खांद्यावरून उजव्या पायाकडे उतरत होता. नातीच्या हत्तीतही तसाच. आजीच्या हत्तीत मात्र उजव्या खांद्यावरून डाव्या पायाकडे. उजव्या हाताला जी दिशा सोपी ती डाव्या हाताला आडमुठी, म्हणून समोर बसून शिकलेल्या डावखुऱ्याची फुली उलटी पडते. ती चूक नाही. सगळ्या उलट्या असल्या की सगळ्या सरळच. पण सही बदलावी तशी ती बदलते. चाळीस वर्षे त्या भिंतीवर हा पुरावा सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. तो वाचता येण्याइतके शिकलेले माणूस आता कुठे घरात तयार झाले होते.

"तेव्हा तू उजव्या हातानं भरायचीस?" मुलीने विचारले. वाट मोकळी करून दिली होती. हो म्हटले असते तर सगळे जुळले असते.

काकू म्हणाल्या, "तो मी भरलेला नाही. निपाणीच्या आजीनं भरलाय. मला तेव्हा एक टाका येत नव्हता."

स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती. काका दुकानातून येऊन हातपाय धूत होते, त्यांनीही ऐकले. कोणी काही बोलले नाही. पुष्कळ वेळाने काकांनी एवढेच म्हटले, "आईला सांगायचं होतंस." त्या वाक्यात रागही नव्हता, आणि म्हणूनच काकूंच्या घशाशी घास अडकल्यासारखे झाले. जिला सांगायचे तिला सांगण्याची वेळ निघून गेली होती, आणि हा टाका उसवायला दोऱ्याचे टोकच हाती उरले नव्हते. त्या वर्षी क्षमावणीला काकूंनी घरातल्या प्रत्येकाची क्षमा मागितली, कशाबद्दल ते स्पष्ट सांगून. सासूबाईंच्या तसबिरीसमोरही त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. तिथे काय बोलल्या ते त्यांनी कोणाला सांगितलेले नाही.

नातीला क्षमेपेक्षा हिशेबात रस होता. "मग मोठ्या आजीचं नाव का नाही त्याच्यावर?"

प्रश्न रास्त होता. भरलेल्या कापडावर नाव घालण्याची रीत काही रुखवतापुरती नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १५९८ सालचा एक नमुना-रुमाल जपून ठेवला आहे. ब्रिटनमधील साल घातलेल्या अशा रुमालांत तो सर्वांत जुना मानतात. एका मुलीच्या जन्माची आठवण म्हणून तो भरला गेला आणि भरणाऱ्या जेन बॉस्टॉकने त्यावर आपले नाव टाक्यांत लिहून ठेवले. त्या बाईविषयी आज जे काही ठाऊक आहे ते जवळजवळ त्या कापडाइतकेच. आक्काने तर स्वतःच्या हाताने दुसरीचे नाव लिहिले होते.

दिवाळीच्या सुट्टीत काकांनी चौकट उतरवली, मागचे खिळे काढले आणि मोर चाळीस वर्षांनी काचेबाहेर आला. काकूंनी तो आधी पालथा केला. मागे एकही गाठ नव्हती. मग त्यांनी तो मोजला. मॅटीच्या इंचात १० घरे. मोर डहाळीसह १४० घरे रुंद आणि १८० घरे उंच. रिकामी जागा वजा जाता अदमासे बारा हजार फुल्या. काकूंचा वेग आता तासाला शंभराच्या घरात आला होता. त्या वेगाने १२० तास. आक्काने ते काम सहा आठवड्यांत, पोर निजल्यावर, दिवसाच्या चोरलेल्या वेळात केले होते. चाळीस वर्षे हा मोर म्हणजे एक लाज होती. तिच्यामागे किती तास आहेत हे काकूंनी कधी मोजले नव्हते. मोजण्याची अक्कलही नव्हती.

मोजताना आणखी एक गोष्ट दिसली. पिसाऱ्यातल्या तिसऱ्या डोळ्यात एक फुली कमी होती. बाकीच्या सर्व डोळ्यांत नऊ, त्यात आठ. फोनवर हे सांगितल्यावर आक्का मोठ्याने हसली. "मला म्हाइत आहे. लग्नाला चार दिवस उरले होते. तुला आता दिसलं होय?" मग जरा थांबून म्हणाली, "दिसायला लागलं म्हणजे शिकलीस."

नाव उसवून नवे घालावे, असे काकूंच्या मनात होते. आक्काने साफ नाही म्हटले. जुने कापड, टाके काढले की भोके राहतील आणि खाली पांढरा चौकोन उघडा पडेल. शिवाय रुखवत तुझेच होते, माझे नव्हे, असा तिचा मुद्दा. शेवटी डावा कोपरा मोकळा होता तिथे आक्काचे नाव घालायचे ठरले. ते कोणी भरायचे यावर मात्र वाद झाला नाही.

इथे नवशिक्याची शेवटची परीक्षा होती. इंग्रजी अक्षरांचे तयार नमुने हवे तितके मिळतात, देवनागरीचे सहसा नाहीत. नातीची गणिताची चौकटींची वही पुढे घेऊन दोघींनी अक्षरे बसवायला सुरुवात केली. शिरोरेषा सोपी, सरळ ओळीत फुल्या. काना सोपा. अक्षरांची पोटे चौकोनी घरांत गोल दिसावीत म्हणून कोपऱ्याचे एकेक घर खोडावे लागले. वेलांटीने चार पाने खाल्ली. एकदा ती छत्रीच्या मुठीसारखी दिसली, एकदा आकड्यासारखी. पाचव्या पानावर ती वेलांटी दिसू लागली. जुन्या नावाचा लाल रंग आता थोडा विटलेला, म्हणून तीन लाल लड्या दिवसाच्या उजेडात त्याच्याशेजारी धरून पाहिल्या आणि त्यातली सर्वांत फिकी घेतली.

पहिला टाका घालण्याआधी काकूंनी पुन्हा निपाणीला फोन लावला. आपल्या फुल्या उलट्या पडतील, एकाच कापडावर दोन दिशा दिसतील, उजव्या हाताने प्रयत्न करू का, असे त्यांनी विचारले.

"पट्टी मारणारी बाई आहे काय आता तिथं?" आक्का म्हणाली. "तुझ्या हातानं भर. शिरोरेषा किती घरांची घेतलीस?"

"बावीस."

"काठापासून किती सोडलीस?"

"सहा."

"आठ सोड. चौकटीत बसवताना दोन घरं आत जातात."

काकूंनी सुई खाली ठेवली, आणि काठापासून पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.